जळका किल्ला आणि रायगडाची जोती

जुलै 2025 मध्ये आपले बारा किल्ले (अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी) जागतिक वारसा यादीत गेले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोंमागोमाग भांडणही आलं. मामेभावाचं म्हणणं, आता रायगडावर राजवाडा पुन्हा उभारा. "दादा, तुमच्या स्कॉटलंडमध्ये बघा किल्ले कसे चकाचक ठेवलेत!"

त्याच्या डोळ्यांपुढे आयलन डोननचा किल्ला असणार. कॅलेंडरवर असतो तो, पुलाचा. 1719 मध्ये ब्रिटिश आरमाराने तो तोफांनी झोडपला आणि आत सापडलेली तोफांची दारू पेटवून उडवून दिला. दोनशे वर्षं नुसता ढिगारा. आज दिसतो तो किल्ला 1932 मध्ये पुरा झालेला, आणि पूलही तेव्हाचाच. देखणा आहे, नाही कशाला म्हणू? पण तिकीट काढून आपण विसाव्या शतकातलं घर बघतो.

(हा किल्ला मॅकेन्झींचा. त्याच घराण्याच्या प्रमुखाने 1793 मध्ये उभारलेली 78वी हायलँडर्स पलटण दहा वर्षांनी अहमदनगरच्या तटाला शिड्या लावत होती, आणि दीड महिन्यात असईला शिंद्यांच्या तोफांवर चालून गेली. ज्या सरकारने किल्ला उडवला, त्याच्याचसाठी.)

मला ओढ लागते ती टिओरमची. मॉयडर्टच्या खाडीत, ओहोटीला पायी जाता येईल अशा बेटावर क्लॅनरॅनल्ड मॅकडोनल्ड घराण्याचा हा किल्ला. ब्रिटिश राजाविरुद्धच्या 1715 च्या बंडात निघताना घराण्याच्या प्रमुखाने तो स्वतःच जाळायला लावला, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. प्रमुख शेरिफमुरच्या लढाईत पडला, परतलाच नाही. छप्पर नसलेल्या त्या भिंतींकडे बघताना हे कुणी सांगावं लागत नाही.

1997 मध्ये एका धनिकाने तो विकत घेतला. त्याला डागडुजी करून तिथे राहायचं होतं. पुरातत्त्व खात्याने नकार दिला, चौकशी झाली, नकार कायम राहिला. माझं मत खात्याच्या बाजूने. पण त्याच सुमारास तटाचा एक भाग ढासळला, हेही खरं. नकारपत्राने भिंत उभी राहत नाही. मी गेलो तेव्हा दारावर धोक्याची पाटी होती आणि आत जायला मनाई.

म्हणून मामेभावाशी माझं भांडण अर्धंच आहे. रायगडावरचे वाडे 1818 च्या मेमध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्यात जळाले, उरली जोती. त्यांवर नवा वाडा चढवला तर ती आगही पुसली जाईल. पण ती जोती, पाण्याच्या वाटा, तटातून उगवणारी झाडं काढणं, सिमेंटऐवजी चुना, याला पैसा आणि माणसं आधी लावा. ते फोटोत दिसत नाही, एवढीच अडचण.

"राजवाड्याचं लाकूडकाम नेमकं कसं होतं रे?" मी विचारलं.

"दादा, सिरियलमध्ये दाखवलंय की."