चातुर्मास की तीन रात्री

लग्नाला यंदा चाळीस वर्षं झाली म्हणून मुलगा फोनवर म्हणाला, बाबा आता तुम्ही दोघं मस्तपैकी क्रूझला जाऊन या. एवढं बोलून तो मोकळा झाला, आणि इकडे कोथरूडात आमच्या हॉलमधे दीड महिना जे रण पेटलं ते अजून नीट विझलेलं नाहीये.

मला वाटलेलं क्रूझ म्हणजे क्रूझ. तर तसं नसतंय. एक असतं तीन-चार रात्रींचं, मुंबईहून गोवा नाहीतर लक्षद्वीप, किंवा सिंगापूरहून पेनांग-फुकेत करून परत. आणि दुसरं वर्ल्ड क्रूझ, ते बहुतेक जानेवारीत निघतं आणि पृथ्वीला वळसा घालून एप्रिल-मे मधे परत आणून सोडतं. चार महिने! आपल्याकडे चार महिने समुद्रात पडून राहायची सोय फक्त विष्णूला आहे, आषाढी ते कार्तिकी, आणि त्याचे पाय चेपायला लक्ष्मी असते. हे मी मोठ्याने बोललो तिथेच माझी निम्मी बाजू पडली.

तरी मी वर्ल्डच्याच बाजूने. हिशोब साधा, भाडं दिवसांनी भागलं की लांबची ट्रिप बरी वाटायला लागते, फक्त एकूण आकड्याकडे बघायचं नाही एवढं पथ्य. आतली केबिन घेतली तर अजून स्वस्त.

"आतली म्हणजे?"

"खिडकी नसते."

"म्हणजे लाखो रुपये भरून चार महिने माळ्यावर राहायचं? तुम्ही राहा. मी खाली उतरते."

मग मी इतिहास काढला. १९२२ साली लॅकोनिया नावाचं जहाज न्यूयॉर्कहून पर्यटक घेऊन निघालं आणि १३० दिवसांत जग फिरवून आणलं, म्हणजे लोक शंभर वर्षं हे करतायत. पनामा कालव्यात तर पाणी भरून भरून अख्खं जहाज २६ मीटर वर चढवतात आणि पलीकडे उतरवतात! ही म्हणाली, आपल्या सोसायटीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकते त्याचं बघा आधी, सेक्रेटरी तुम्हीच आहात.

खरी पंचाईत केली आंतरराष्ट्रीय वाररेषेने. पश्चिमेकडे जात राहिलं की जहाजावरची घड्याळं अधूनमधून तासभर मागे घेतात, म्हणजे २५ तासांचा दिवस (तो जादाचा तास दुपारी १ ते ४ मधे जोडावा अशी माझी नम्र सूचना), आणि मग पॅसिफिकमधे ती रेषा ओलांडली की एक पूर्ण तारीखच गायब. बुधवारी झोपायचं ते शुक्रवारी उठायचं. आता हिचे गुरुवार. आणि त्या दिवशी संकष्टी आली तर उपास कधी धरायचा, आणि चंद्रोदय कुठला, कालनिर्णयमधे पुण्याचा असतो. गुरुजींना फोन केला तर ते आधी म्हणाले, तुम्ही बुधवारीच परत या.

व्हिशाचं तर बोलूच नका. आपल्या पासपोर्टवर बंदरागणिक कागद लागतात, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिशाचा, अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, म्हणजे सगळे एकदम काढून टाकू असंही नाही. फोटो प्रत्येकाला वेगळ्या मापाचा. एकच गोष्ट जमून येत होती, पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, त्यामुळे जानेवारी ते मे मी हयात आहे की नाही हे कोणी विचारणार नव्हतं.

पण धुण्यापाशी ही पहिल्यांदा विरघळली. वर्ल्ड क्रूझवाल्यांना बऱ्याच जहाजांवर धुणं फुकट असतं असं मी वाचून दाखवलं तर पुस्तक मिटून म्हणाली, इस्त्रीसकट? चांगलं दहा मिनिटं आमचं घर जगप्रवासाला निघालेलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की चार महिने सुट्टी दिली तर मावशी दुसरीकडे काम धरतील, आणि अशी मावशी परत मिळणार नाही, जग काय तिथेच आहे. वर मी शहाण्याने विचारलं, एप्रिल-मे म्हणजे हापूसचं काय?

दोघंही गप्प झालो.

भाच्याने तोडगा सुचवला, सेगमेंट घ्या म्हणे, वर्ल्ड क्रूझचा नुसता एक तुकडा मिळतो, दोन-तीन आठवड्यांचा. म्हणजे थाळीच्या ठिकाणी जाऊन नुसती आमटी मागवायची. नको.

शेवटी सिंगापूरहून तीन रात्री, बाल्कनीसकट. टिप माणशी दर दिवसाची वेगळी, वायफाय वेगळं, तेही मुकाट भरलं. सगळं झाल्यावर हिने एजंटला एकच प्रश्न विचारला, धुणं फुकट आहे का? नाही म्हणाला तो. पैसे पडतात, दर कपड्यामागे.

काल रात्री बॅग काट्यावर ठेवली. तीन रात्रींसाठी हिचे अकरा ड्रेस, माझे नऊ शर्ट, आणि बाजूच्या कप्प्यात वाळत घालायची दोरी आणि बारा चिमटे.