व्हेंट पाइपला टोपी ठोकण्याआधी

पावसाळा आला की व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरायला लागतो: ‘सेप्टिक टँकचा वर गेलेला पाइप टोपी लावून पक्का बंद करा. डेंग्यूचे डास तिथूनच येतात. तो पाइप फक्त वासासाठी असतो, निचऱ्याशी त्याचा संबंध नाही. सरकारी योजनेतल्या संडासाला तर पाइप नसतोच, तरी तो चालतो!’ यात थोडंसं खरं मिसळलंय, म्हणून बाकीचंही खपून जातं.

‘निचऱ्याशी संबंध नाही.’ आहे. मैल्याचा पाइप रिकामा दिसला तरी त्यात हवा भरलेली असते. फ्लशचं पाणी खाली धावतं तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागे ओढ तयार होते. वरचं तोंड उघडं असलं की मागून हवा येते आणि पाणी सरळ निघून जातं. ते बंद असलं की पाण्याची बाटली एकदम उलटी केल्यावर होतं तसं, गटगट आणि अडखळत.

पण खरं नुकसान ट्रॅपचं. भांड्याखालच्या वाकड्या भागात साधारण 50 मिमी पाणी कायम उभं असतं. घर आणि टँकमधला वायू यांच्यामध्ये आडवं असतं ते एवढंच. खेड्यातल्या हाताने पाणी टाकायच्या पॅनला तर 20 मिमीच. हवेला वाट नसली की हे पाणी एकतर ओढलं जातं, नाहीतर खालून वायू त्यातून बुडबुडे काढत वर येतो. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला आणि खाली तुमच्या नहाणी ट्रॅपमध्ये गुडगुड झाली, तर गच्चीवरचं पाइपचं तोंड बघा. गच्चीवर शेड टाकताना किंवा वॉटरप्रूफिंग करताना ते हमखास बुजवलं जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्थात फ्लश मंद झाला की दोष व्हेंटचाच, असंही नाही. आधी फ्लशच्या टाकीत पाणी पुरेसं भरतंय का आणि लाइन चोंदलीय का, ते पाहा.

ट्रॅपमधलं पाणी गेलं की काय होतं, हे हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत 2003 मध्ये दिसलं. तिथे बाथरूमच्या जमिनीवरचे ट्रॅप सुकले होते. सार्स या श्वसनाच्या आजाराचा विषाणू त्याच वाटेने घरोघरी गेला, असा तपासाचा निष्कर्ष होता. तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले.

‘डेंग्यूचे डास तिथूनच.’ डेंग्यूचा एडिस वाढतो तो मुख्यतः साठवलेल्या स्वच्छ पाण्यात: पिंप, कूलर, कुंडीखालची बशी, टायर. सेप्टिक टँकमध्ये वाढतो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. गडचिरोली-चंद्रपूरकडे या रोगाची ओळख करून द्यायला नको. म्हणजे पाइपातून डास येतात हे खरंच. पण आरोग्य कर्मचारी दारोदार फिरून सांगतात ते पाइपला जाळी बांधा म्हणून. जाळीतून हवा जाते, टोपीतून जात नाही.

‘सरकारी संडासाला पाइप नसतो.’ दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला नसतो, बरोबर. त्या खड्ड्यांच्या भिंतीत भोकं ठेवलेली असतात, तळ कच्चा असतो, त्यामुळे पाणी आणि वायू दोन्ही मातीत मुरतात. सेप्टिक टँक चहूबाजूंनी प्लास्टर केलेली, पाणी न झिरपणारी असते. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड सतत तयार होत राहतात. त्यांना माती मिळत नाही, म्हणून पाइप द्यावा लागतो. घराला लागून टँक असेल तर तो छपराच्याही वर न्यायचा असतो. खिडकीच्या उंचीवर सोडून दिला तर वास येणारच, आणि मग लोक वैतागून टोपी लावतात.

टोपी लावली असेल तर आजच काढा आणि मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणून तारेने घट्ट आवळा. जाड फडकं नको. पावसात भिजलं की तेही हवा अडवतं. जाळीवर कोळिष्टकं आणि धूळ बसते, तेव्हा अधूनमधून बघून बदला. चेंबरच्या झाकणाच्या कडेला फट असेल तर ती मात्र सिमेंटने बुजवा, डासांची ती दुसरी वाट.