‘ब्रेन रॉट’ हा आजार नाही, मावशी

नौपाड्यातल्या माझ्या मावशीने परवा दहावीतल्या नातवाच्या डोक्याचा एमआरआय काढायचा हट्ट धरला. पोरगा ठणठणीत आहे. रील बघून हसता हसता तो एवढंच म्हणाला, ‘आजी, माझं पार ब्रेन रॉट झालंय.’ आणि नेमका त्याच दुपारी तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज येऊन पडला होता.

तुमच्याकडेही आला असेलच. ‘ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये ब्रेन रॉट हा नवा आजार जाहीर केला. रुग्ण 230 टक्क्यांनी वाढले. रील्समुळे मुलांचा मेंदू अक्षरशः सडतो.’ पुढे, सेल्फी काढणं हा मानसिक रोग. ओएमजी, एलओएल ही मोबाइलवाल्या पोरांनी केलेली इंग्रजीची वाट. आणि असा एकेक शब्द घेताना ऑक्सफर्ड डिक्शनरी जुना शब्द काढून टाकते. खाली ‘फॉरवर्डेड ॲज रिसिव्ह्ड’, म्हणजे जबाबदारी कोणाचीच नाही.

अहो, डॉक्टर आले कुठून? ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस शब्दकोश छापते आणि दरवर्षी एक ‘वर्ड ऑफ द इयर’ निवडते. 2024 साठी सहा शब्दांची यादी लावली, 37,000 हून जास्त लोकांनी मतं दिली, मग तिथल्या भाषेच्या मंडळींनी ‘ब्रेन रॉट’वर शिक्का मारला आणि डिसेंबरात निवेदन काढलं. आजार असे मतदानाने ठरायला लागले तर झालंच! त्याच यादीत ‘डायनॅमिक प्रायसिंग’ही होता. पाऊस सुरू झाला की ठाणे स्टेशनबाहेर ॲपवरच्या टॅक्सीचं भाडं फुगतं ना, ते. तो निवडून आला असता तर त्यावर काय, शंखपुष्पी घ्यायची?

आणि ते 230 टक्के. मूळ निवेदनात आकडा आहे, पण 2023 ते 2024 मध्ये हा शब्द किती जास्त वापरला गेला याचा. शब्दाचा वापर! ग्रुपांवरून फिरता फिरता कुणीतरी त्याचे रुग्ण करून टाकले. ऑक्सफर्डच्या व्याख्येत सुरुवातीलाच ‘सपोज्ड’ आहे: फालतू गोष्टी, विशेषतः ऑनलाइनच्या, फार पाहिल्याने बुद्धीचा जो ऱ्हास होतो असं म्हणतात, तो. असं म्हणतात! शिवाय ज्या पोरांबद्दल एवढी काळजी चाललीय, तीच हा शब्द स्वतःच्या टाइमपासला हसत हसत लावतात. आमच्याकडच्याने तेच केलं.

नवा म्हणावा तर तेही नाही. गांधीजींनी वाचलेला तो अमेरिकन थोरो, त्याने 1854 मध्ये ‘वॉल्डन’ या पुस्तकात लिहिलंय की इंग्लंड बटाट्याच्या सडण्यावर उपाय शोधतंय, मेंदूच्या सडण्यावर कोणी शोधणार आहे की नाही? ठाण्याला पहिली आगगाडी येऊन तेव्हा वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. रील्स कुठल्या डब्यात होत्या?

फॅमिली डॉक्टरांनी एमआरआयची चिठ्ठी काही दिली नाही. रात्री अकरानंतर फोन हॉलमध्ये ठेवा, एवढंच म्हणाले. ते मला मान्य आहे. रात्री दीडपर्यंत रील्स बघून सकाळच्या क्लासला पोरगं पेंगणारच. पण हे कळायला ऑक्सफर्ड कशाला हवं?

सेल्फीचं म्हणाल तर अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘सेल्फायटिस’ला, म्हणजे सतत सेल्फी काढण्याच्या नादाला, रोग ठरवलं, ही 2014 मधली एका थापेबाज विनोदी वेबसाइटची करामत. नंतर काही संशोधकांनी तो शब्द खरंच मनावर घेऊन सेल्फीच्या सवयीवर प्रश्नावली बनवली, हे खरं. पण त्या असोसिएशनच्या आजारांच्या यादीत तो नाही.

ओएमजी? ऑक्सफर्डला सापडलेला सगळ्यात जुना वापर 1917 च्या एका पत्रातला. ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल फिशर यांनी चर्चिलला लिहिलेलं पत्र. फिशर तेव्हा 76 वर्षांचे होते. मोबाइलवाली पिढी!

शब्द काढून टाकण्याच्या गोष्टीत मात्र, नाइलाजाने सांगते, थोडं तथ्य आहे. ऑक्सफर्डच्याच लहान मुलांच्या ज्युनियर डिक्शनरीतून 2007 मध्ये एकॉर्न, बटरकप असे झाडाफुलांचे शब्द गेले आणि ब्लॉग, ब्रॉडबँड आले. पुढे 2015 मध्ये मार्गारेट ॲटवूडसकट 28 लेखकांनी त्यावर जाहीर पत्र लिहिलं आणि ते मला पटतं. पण ते शाळकरी पोरांचं छोटं पुस्तक. मोठ्या ऑक्सफर्ड डिक्शनरीत एकदा गेलेला शब्द बाहेर येत नाही, फार तर ‘आता वापरात नाही’ असा शेरा बसतो.

मेसेजच्या शेवटी घोडबंदर रोडवरच्या कुठल्याशा ‘ब्रेन डिटॉक्स’ शिबिराचा नंबर आहे. मी फोन करून विचारलं. फी यूपीआयने भरायची, आणि मोबाइल कसा सोडायचा याचे व्हिडिओ रोज व्हॉट्सॲपवर येणार.