डीकोडर झोपत नाही: ‘बंद इंजिनाचे सात उपाय’ या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला डोंबिवलीहून मामाचा फोन. “अरे, सगळीच गेली. पाचही.” पोटात गोळाच आला. मग कळलं की तो त्याच्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनांबद्दल बोलतोय.

मामा वीज मंडळातून निवृत्त झाला आणि आतल्या खोलीत प्लायवर एचओचा, म्हणजे १:८७ चा लेआउट मांडून बसला. मुलाने बाहेरून डीसीसीचा, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारा संच आणून दिला. त्यातलं एक डिझेल इंजिन आठवडाभर हलत नव्हतं. दिवा लागायचा, पण इंजिन जागचं सरकत नव्हतं. मला विचारायचं सोडून त्याने ‘डिजिटल इंजिन बंद? हे सात उपाय, गॅरंटी!’ हा मेसेज वाचला आणि त्यातला दुसरा उपाय करून मोकळा झाला. एक आजारी होतं, त्याचे पाच झाले.

हा मेसेज मलाही चार ठिकाणांहून आलाय. आजवर सोडून देत होतो. आता नाही.

“डीकोडर झोपला असेल. रुळांना जुन्या डीसी पॅकचा शॉक द्या, जागा होईल.”

हा पहिला उपाय आणि सगळ्यात घातकही. (डीसी पॅक म्हणजे जुन्या साध्या गाड्यांना एका दिशेची वीज देणारा डबा.) डीकोडर ही इंजिनाच्या पोटातली छोटी सर्किटची पट्टी. रुळांत वीज कायम पूर्ण असते, तिच्यातूनच हुकूम येतात, आणि आपल्या पत्त्यावर, म्हणजे त्या इंजिनाच्या नंबरावर आलेला हुकूम डीकोडर मोटरपर्यंत नेतो. यात झोपण्यासारखं काही नाही.

पण खरा धोका बूस्टरला, म्हणजे रुळांना डीसीसीची वीज देणाऱ्या डब्याला आहे. डीसीसीच्या रुळांवरची वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते. हुकूम १ आणि ० अशा बिटांत जातात, त्यातल्या ‘१’ या बिटचा अर्धा भाग फक्त ५८ मायक्रोसेकंदांचा असतो. त्याच रुळांना तुम्ही एका दिशेची डीसी जोडलीत, की दर फेरीत काही काळ बूस्टर आणि पॅक एकमेकांच्या छातीवर उभे राहतात. मग जो दुबळा तो जळतो, कधी दोघंही. मामाने हा उपाय केला नाही तो केवळ जुना पॅक नातवाला देऊन टाकला होता म्हणून.

आता नाइलाजाने कबूल करायचं ते एवढंच. पुष्कळ डीकोडर साध्या डीसीवरही चालतात, सीव्ही २९ मधला एक बिट त्यासाठीच असतो (सीव्ही म्हणजे डीकोडरमधला सेटिंगचा क्रमांकित कप्पा). कोणाचं तरी बंद इंजिन डीसीवर धावलं असेल आणि त्याला वाटलं असेल, शॉक लागू पडला. तसं नाही. डीसीवर पत्त्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा डीसीवर धावणारं आणि डीसीसीवर गप्प बसणारं इंजिन धडधाकट असतं, घोळ बहुतेक पत्त्याचा किंवा सेटिंगचा असतो. ही चाचणी करायचीच असेल तर लेआउटपासून पूर्ण सुटा रुळाचा तुकडा घ्या, ज्याला डीसीसीची एकही वायर लागलेली नाही.

“सीव्ही ८ मध्ये ८ लिहा. सगळे आजार बरे.”

मामाने केलं ते हेच, आणि पाचही इंजिनं रुळावर उभी असताना. सुरुवातीच्या पुष्कळ संचांत प्रोग्रॅमिंगसाठी वेगळा रूळ नसतो, हुकूम अख्ख्या लेआउटवर जातो आणि उभं असलेलं प्रत्येक इंजिन तो ऐकतं. रीसेट म्हणजे कारखान्यातली स्थिती, आणि कारखान्यातून पत्ता येतो ३. मी फोनवर म्हटलं, “थ्रॉटलवर पत्ता ३ लाव आणि वेगाचं बटण हळूच फिरव.” पलीकडून आधी शांतता, मग आरडाओरडा. चार इंजिनं एकदम निघाली होती, दोन इकडे आणि दोन तिकडे. बोगद्यापाशी टक्कर झाली.

म्हणजे ही चार मेलीच नव्हती. मामा त्यांना जुन्या नंबरांनी हाका मारत होता आणि त्यांची नावं बदलली होती.

आणि पाचवं, मूळचं आजारी? ते तसंच ढिम्म. कारण त्यात एनसीई या कंपनीचा डीकोडर आहे, त्याच्या रीसेटला सीव्ही ३० मध्ये २ लिहावे लागतात. टीसीएसला सीव्ही ८ मध्येच, पण २. लेन्झ, ईएसयू, झिमो यांना ८ चालतो. मुळात सीव्ही ८ हा कंपनीचा क्रमांक वाचण्यासाठी आहे, त्यात लिहून रीसेट करणं ही कंपन्यांनी पाडलेली रीत. औषधाने चार निरोगी आडवे केले आणि रोग्याला ते लागलंच नाही, याला गॅरंटी म्हणतात!

रीसेट वाईट नाही. सेटिंगचा गुंता झाला असेल तर मीही करतो. पण शेवटी, एकट्या इंजिनावर, डीकोडरची कंपनी पाहून आणि जुने आकडे वहीत उतरवून.

“सीव्ही वाचता येत नसेल तर डीकोडर जळाला. नवा घ्या.”

या एका वाक्याने लोकांचे किती पैसे गेले असतील! एनएमआरए या अमेरिकन संस्थेने डीसीसीचं मानक जर्मनीच्या लेन्झच्या पद्धतीवरून बांधलं. त्यातला एस-९.२.३ हा भाग मेसेज लिहिणाऱ्याने एकदा उघडायला हवा होता. प्रोग्रॅमिंगच्या वेळी डीकोडर बोलत नाही. त्याच्याकडे फक्त ‘हो’ म्हणायची सोय असते: साधारण ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपियर जास्त वीज ओढायची. बहुतेक डीकोडर ती मोटरला झटका देऊन ओढतात, म्हणून वाचताना इंजिन किंचित उडतं.

आता हा ‘हो’ ऐकू न येण्याची कारणं मोजा. चाकं मळलेली. मोटरची वायर सुटलेली. मोटर इतकी हलकी की ६० मिलिअँपियर ओढतच नाही. आवाजाच्या डीकोडरमधला मोठा कपॅसिटर. यांतल्या एकातही डीकोडर जळालेला नाही. पलीकडच्याने फोन उचलला नाही म्हणून कोणी त्याचं तेरावं घालत नाही.

“रूळ पॉलिशपेपरने घासा आणि डब्ल्यूडी-४० मारा.”

रूळ साफ करा, हे खरं. डोंबिवलीच्या धुळीत आणि पावसाळ्यात तर हा पहिला संशयित. पण पॉलिशपेपरचे ओरखडे पुढचा मळ धरून ठेवतात. आणि नेहमीचा डब्ल्यूडी-४० तेलाचा थर सोडतो, त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर हा वेगळा डबा. (मामी म्हणते रॉकेलने पुसा. वास आणि आगीची भीती सोडली, तर ती मेसेजपेक्षा शहाणी आहे.) आणि चाकांचं काय? मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखच नाही. टिश्यू पेपरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तो रुळांवर आडवा धरा, इंजिनाची एक बोगी त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून चाकं फिरवा. टिश्यूवरचे काळे पट्टे पाहिलेत की उरलेले उपाय विसराल.

“इंजिन उलटं ठेवलं असेल, फिरवून ठेवा.” डीसीसीत रुळांच्या धन-ऋणाचा दिशेशी संबंध नाही, पुढे म्हणजे इंजिनाचं पुढे. फिरवून चाललं असेल तर चाकं नव्या जागी टेकली म्हणून.

“डिजिटलला दोनच वायरी पुरतात.” जाहिरातीत पुरतात. बूस्टरपासून सगळ्यात लांबच्या रुळांवर एक रुपयाचं नाणं आडवं ठेवून शॉर्ट करा. बूस्टरने तत्काळ वीज तोडली तर ठीक. नाही तोडली तर नाणं लगेच उचला आणि तिथे जाड फीडर वायर द्या. लांब टोकाला रखडणारी इंजिनं बऱ्याचदा तेवढ्याने सुटतात.

“सगळं बंद करून पुन्हा चालू करा.” हे बरोबर आहे.

राहिलं मामाचं डिझेल. दिवा लागतो म्हणजे वीज पोचते आणि पत्ताही बरोबर आहे. मग मी विचारलं, “दिवाळीत दोन इंजिनं जोडून मालगाडी ओढली होतीस ना?” ओढली होती. जोडीतलं दुसरं नंतर खोक्यात गेलं, पण याच्या सीव्ही १९ मध्ये जोडीचा नंबर तसाच राहिला. तिथे शून्य सोडून काहीही असलं की इंजिन वेगाचा हुकूम फक्त जोडीच्या नंबरावरून घेतं, दिव्याचा मात्र स्वतःच्या. सात उपायांत सीव्ही १९ चं नावही नाही.

“मग आता लिहू शून्य?” मामा म्हणाला.

“लिही. पण आधी बाकीची चार रुळावरून उचल.”