कैलास लेण्याच्या 4 लाख टनांचा हिशेब

वेरूळच्या कैलास लेण्याविषयी, म्हणजे लेणे क्रमांक 16 विषयी, एक मजकूर मराठवाड्यात मोबाइलवरून सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : 18 वर्षांत 4 लाख टन दगड काढून हे मंदिर घडवले गेले, छिन्नी-हातोड्याने हे अशक्य आहे, निघालेला दगड कुठे दिसत नाही आणि कर्त्याचा पत्ता नाही, सबब ते परग्रहवासीयांचे काम असले पाहिजे.

आधी वजन पाहू. लेण्याच्या प्रांगणाची लांबी सुमारे 276 फूट, रुंदी 154 फूट आणि मागच्या कड्याची उंची 107 फूट आहे. आत मंदिर न ठेवता हा सगळा ठोकळा तळापर्यंत उकरला असता, तरी सुमारे 1 लाख 29 हजार घनमीटर दगड निघाला असता. बेसाल्टचे, म्हणजे इथल्या काळ्या पाषाणाचे, वजन घनमीटरला 2.9 टन धरले तर हा भार पावणेचार लाख टनांच्या आतच राहतो. प्रत्यक्षात डोंगर पुढच्या बाजूला उतरत येतो, आणि मंदिर, दोन हत्ती व दोन ध्वजस्तंभ तर मूळ खडकातच राखलेले आहेत. भोवतीच्या ओवऱ्या आणि बाजूच्या कड्यात कोरलेले लंकेश्वर मंदिर जमेस धरूनही आकडा 2 लाख टनांच्या आसपास येतो. मजकूर लिहिणाऱ्याने मंदिरही खोदून बाहेर टाकले, असेच म्हणावे लागेल.

18 वर्षे ही मुदत कोणत्याही शिलालेखात दिलेली नाही, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या राज्यकालावरून (सुमारे इ.स. 756 ते 773) ती काढलेली दिसते. तरी ती मान्य करू. वर्षाला कामाचे 300 दिवस धरले, तर 2 लाख टनांसाठी दिवसाला 37 टन, म्हणजे सुमारे 450 घनफूट दगड काढावा लागतो. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी माणशी दिवसाला 4 घनफूट खोदकाम धरून, 250 मजुरांना हे काम साडेपाच वर्षांत उरकता आले असते, असा अंदाज मांडला होता. त्याच दराने 18 वर्षांसाठी सव्वाशेच्या आत खोदणारे पुरतात. दगड वाहणारे आणि मूर्ती घडवणारे अर्थातच वेगळे. राजाश्रय असलेल्या कामाला ही माणसे जड नव्हती.

काळा पाषाण कठीण असतो, हे मराठवाड्यात विहीर खोदणाऱ्याला सांगायला नको. पण सुरुंग येण्याआधीही विहिरी पहार, सुतकी आणि पाचरींनी खोदल्या जातच होत्या. कैलासाच्या मागच्या कड्यावर छिन्नीचे घाव आजही उघड दिसतात. शिवाय काम वरून खाली येत गेल्यामुळे परांचीची गरज उरली नाही. मंदिराला चुन्याचा गिलावा आणि रंगही होता. त्याचे अवशेष टिकून आहेत, आणि ‘रंगमहाल’ हे लेण्याचे जुने नाव त्यावरूनच पडले.

दगड कुठे गेला, हा प्रश्न खरा असेल तर तो वेरूळच्या सर्व 34 लेण्यांना विचारावा लागेल. तो फक्त सोळाव्यालाच का विचारला जातो?

आराखडाही आकाशातून पडलेला नाही. चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकाच्या मध्याआधी पट्टदकलला बांधवलेले विरूपाक्ष मंदिर पाहावे. समोर नंदीमंडप, मग सभामंडप, त्यामागे द्राविड शिखराचे गर्भगृह ही रचना तिथे चिरे रचून उभी आहे, इथे खडकातून मोकळी केलेली आहे. त्याच चालुक्यांना हटवून राष्ट्रकूट दख्खनचे धनी झाले, त्यामुळे ही परंपरा त्यांच्या हाती येणे स्वाभाविक होते.

कर्त्याचा पत्ताही आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेच्या कर्क राजाच्या नवव्या शतकारंभीच्या बडोदा ताम्रपटात एलापुरावरील, म्हणजे वेरूळच्या, कृष्णराजाच्या मंदिराचे वर्णन आहे. ते पाहून देव विस्मित झाले आणि खुद्द शिल्पकारालाही आपण हे कसे घडवले याचे नवल वाटले, असे त्यात म्हटले आहे. शिवाय याच डोंगरात जैन लेण्यांमध्ये तिसाव्या क्रमांकाचे ‘छोटा कैलास’ आहे, तीच पद्धत लहान प्रमाणात वापरलेले आणि अपुरे राहिलेले. परग्रहवासीयांनी तेवढे काम अर्धवट का सोडले, याचा खुलासा त्या मजकुरात नाही.