कमरेतले इंजेक्शन आणि कंबरदुखी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या भुलेच्या इंजेक्शनामुळेच पत्नीची कंबर आजवर दुखते, ते औषध मज्जारज्जूत कायमचे मुरते आणि डॉक्टर हे लपवतात, असा आपला आक्षेप आहे. त्यांचे दुखणे खरे आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्याचा दोष त्या औषधाला देता येत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधून जाते, जिथे द्रवात मज्जातंतूंची मुळे असतात. त्या द्रवात सोडलेले ब्युपिव्हाकेन हे भुलेचे औषध तंतूंच्या पडद्यातील सोडियमच्या सूक्ष्म वाटा अडवते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. बारीक तंतू आधी बधिर होतात. पोटावर स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर "हात लागते जी, पण थंड नाई लागत," असे बाई सांगते तेव्हा औषध कुठवर चढले ते आम्हां डॉक्टरांना कळते, कारण थंडीची आणि वेदनेची जाणीव अशाच बारीक तंतूंतून जाते. काही तासांत औषध रक्तात शोषले जाते, यकृतात त्याचे विघटन होते आणि त्या वाटा पुन्हा मोकळ्या होतात.

या पद्धतीचे त्रास आहेत आणि ते रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजेत. रक्तदाब उतरतो, सुईच्या जागी काही दिवस ठणका राहतो, क्वचित उठून बसताच डोके भयंकर दुखते. १८९८ साली ही भूल प्रथम देणाऱ्या ऑगस्ट बीअर यांनी ती डोकेदुखी स्वतः भोगली होती. मज्जातंतूला कायमची इजा अत्यंत विरळ, पण अशक्य नाही.

बाळंतपणानंतरची कंबरदुखी मात्र हे इंजेक्शन न घेतलेल्या बायकांतही सर्रास आढळते. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैलावतात, पोटाचे स्नायू ताणले जातात, आणि आपल्याकडे तर ते सावरण्याआधीच बाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला उभी राहते. ओटी कापसाने भरत जाते तसा तो भार दिवसभर त्याच कमरेवर येतो. या कष्टांची दखल कुणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वहिनींना अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून पोटाचे व पाठीचे व्यायाम शिकवून घ्यावेत. पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे.