जरा नॅचरल हसा

आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं झाली म्हणून धाकट्या भावाने फॅमिली शूट ठरवलं. तेही कँडिड. म्हणजे फोटोग्राफरला पैसे द्यायचे आणि तो तिथे नाहीच असं वागायचं. बाबांना हे पटेना. ‘पैसे मोजतोय, तर बघेन की त्याच्याकडे!’

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला प्री-वेडिंगवाल्या जोडप्यांची गर्दी, म्हणून गोदाघाट ठरला. वेळ भल्या सकाळची, कारण कोवळं ऊन तिरपं येतं. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. इथवर फोटोग्राफरचं बरोबर होतं. सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, ही थीम मात्र वहिनीची.

‘कॅमेरा विसरा. एकमेकांशी बोला,’ तो म्हणाला.

एरवी जमिनीच्या वाटणीवरून एकमेकांना वाक्य पुरं करू न देणारं आमचं घराणं चिडीचूप झालं. बऱ्याच वेळाने काकांनी बाबांना, म्हणजे सख्ख्या भावाला, विचारलं, ‘बाकी काय?’

‘बाकी ठीक.’

हातांचं काय करायचं हाही प्रश्नच. आपल्याला दोन हात आहेत, आणि दोन्ही जास्तीचे आहेत, हे कॅमेऱ्यासमोरच कळतं. दादाने ते आधी खिशात घातले, मग छातीवर बांधले, शेवटी पुतण्याच्या डोक्यावर ठेवले. पुतण्या रडला. तेवढाच काय तो कँडिड.

‘आत्या, जरा नॅचरल हसा ना!’

आत्याने दात दाखवले. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने माणसांच्या चेहऱ्यांना विजेचे झटके देऊन फोटो काढले आणि 1862 मध्ये छापून लिहून ठेवलं, की ओठ हुकमाने हसतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू हुकूम मानत नाही. आत्याचा तर विजेलाही दाद देणार नाही.

बाबा कंटाळले. ‘आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांनी 1913 साली अख्खा सिनेमा दाखवला. ह्याला तासाभरात एक फोटो निघेना.’

आता बघा, रामकुंडाजवळ सकाळच्या प्रहरी पांढऱ्या कपड्यांतलं एक कुटुंब, खाली माना, कोणी कोणाशी बोलत नाही. व्हायचं तेच झालं. एक गुरुजी लगबगीने आले आणि नेमके बाबांनाच हलक्या आवाजात म्हणाले, ‘दहावा ना? गोत्र सांगा. गेलेल्यांचं नाव?’

आईला जे हसू फुटलं! पदर तोंडात कोंबून, बाबांकडे बोट दाखवत ती पायरीवर बसलीच. काकांना ठसका लागला. कॅमेरा कडकड वाजत होता.

खरी मारामारी फोटो निवडताना झाली. चेहऱ्यावरचे खरे भाव टिपायचे तर ते खरेच निघतात, हे पॅकेज घेताना कोणी सांगत नाही. एकात आत्या वहिनीच्या पाटल्यांचं वजन करताना स्पष्ट दिसत होती. एकात दादा घड्याळ बघत होता. आईचा तो फोटो सर्वांत सुंदर, डोळ्यांसकट हसलेला; पण नवऱ्याच्या दहाव्याला हसणारी बायको दिवाणखान्यात टांगायला बाबा तयार होईनात. त्यांनी निघताना हट्टाने काढून घेतलेला एकच निवडला: सगळे रांगेत, ताठ, शाळेच्या गॅदरिंगसारखे.

‘फक्त हिचं ते हसू काढून ह्याच्यात बसव,’ बाबा फोटोग्राफरला म्हणाले.

‘बसेल, काका. पण मग ती एकटीच हसताना दिसेल. सगळ्यांना बसवायचं तर माणशी वेगळे पैसे.’